परडीचं पाचवं दार

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
६ ऑगस्ट १९९९

अक्का,

नमस्कार करते. तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. आठ वर्षांनी आलं आणि त्यात दोन ओळी. प्रणिता सून म्हणून आली, तिला देवीची परडी घ्यायची आहे, घटस्थापनेच्या आत परडी पोचती कर. बस. आम्ही जगलो का मेलो ते विचारलं नाहीत. तक्रार नाही करत, मी तरी कुठं आठ वर्षांत लिहिलं. चौथीपर्यंतची शाळा माझी, चार ओळी लिहिल्या की मनगट दुखतं. अक्षयाला म्हटलं तू लिही, मी सांगते. तर म्हणते, "आई, मराठी में मेरी राइटिंग गंदी है." सतरा वर्षांची घोडी. परडी कशाला म्हणतात तेही तिला ठाऊक नाही. "वो कवड्यांवाली बास्केट?" म्हणाली. मी लाटणंच उचललं होतं.

परडीची काळजी करू नका. नीट आहे, चांगल्या जागी आहे. पार्सलनं धाडायची वस्तू नाही ती. पोस्टातले लोक कशावरही शिक्का हाणतात. कडेच्या कवड्या दोन ठिकाणी सुटल्यात, त्या ओवून घेते, मग बघू.

आणि एक लिहूनच ठेवते, राग आला तर येऊ द्या. परडी मला सासूबाईंनी दिली. स्वतःच्या हातानं दिली. तुम्ही विहिरीवर पांघरुणं धूत होतात तेव्हा दिली. हे मी तेव्हाच सगळ्या भावकीसमोर सांगितलं होतं. आता तुम्ही मागताय ते तुमच्या सुनेसाठी, म्हणून मी नाही म्हणत नाही. पण माझी होती म्हणून देतेय, हे ध्यानात असू द्या.

बाकी ठीक. तुमचे पद्माकरभावजी आता शिपाई नाहीत, क्लार्क आहेत. टेबल मिळालंय, पंख्याखाली. मी गुडगावला जाते स्वयंपाकाला. तुम्हाला गुडगाव माहीत नसेल. मोहरीची शेतं होती तिथं आता दहा-बारा मजल्यांच्या माड्या उभ्या राहतायत, काचेचीच ऑफिसं. रस्ता अजून धड नाही, डुकरं फिरतात, आणि वर लिफ्टमध्ये गाणं वाजतं. धौला कुआँला बस बदलून जावं लागतं. माझी बाई इंग्लंडची आहे, हेदर नाव. नवरा कंपनीत. मांस-मच्छी खात नाही, आपली आमटी वाटीनं पिते. मी हिंदी बोलते, तीही बोलते. दोघींचीही मोडकीच, म्हणून जमतं.

प्रणिताला आशीर्वाद.

शेवंता


लक्ष्मीबाई नगर
२४ ऑगस्ट १९९९

अक्का,

"परडीचा फोटो पाठव." एवढंच लिहिलंत. तुम्ही पोलीसखात्यात जायला हवं होतं.

फोटो नाही पाठवत. परडी घरात नाही. झालं, सांगितलं.

ती गुडगावला हेदरबाईकडे आहे. विकली नाही, पैसा घेतलेला नाही, असलं काही मनात आणू नका. जानेवारीपासून तिच्याकडे आहे. कसं झालं ते सांगते, पण मध्ये बडबडू नका. तुम्ही तिकडं वाचता वाचता बडबडणार, मला इथं दिसतंय.

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं होतं मी. आमच्या ओळीत सगळे सरकारी लोक, कोण बंगालचं, कोण गढवालचं, आपल्याकडच्या चार-पाचच. हेदरबाईला सहज म्हटलं या, तर खरंच आली, गाडी घेऊन. खाली बसली मांडी घालून. ओटी भरताना विचारलं, हे कशासाठी. मी म्हटलं, आलेली बाई म्हणजे देवीच, म्हणून. तर डोळ्यांत पाणी. म्हणाली, मी बारा वर्षं हेच शोधते आहे. मला वाटलं वाण शोधत होती. स्टीलची वाटी दिली तिला.

नंतर अक्षयानं समजावलं. ही बाई चर्चवाली नाही. तिकडं येशूच्या आधी दुसरे देव होते, झाडांचे, विहिरींचे, बाईचे. ते गेले. आता तिच्यासारखी काही माणसं ते परत मांडतायत. पेगन म्हणतात त्यांना. आठवत नाही तिथं दुसऱ्या देशांतलं घेतात. तिच्या घरी एक खोली आहे, आधी मी ती झाडायला जात नसे. तिथं मिसरची मांजरीच्या तोंडाची एक देवी, ग्रीसची एक, आपली काली कॅलेंडरवरची, तिबेटची घंटा, अमेरिकेतल्या आदिवासींचा पाला जाळायला. मी म्हटलं, बाईसाहेब, ही देवघराची खोली आहे का भाजीमंडई? हसली. "शेवंता, देवी सबकी है," म्हणाली.

तर त्या हळदीकुंकवाच्या दिवशी जास्तीच्या ताटल्या काढायला मी दिवाणाची फळी उचलली. आत रजया होत्या, डांबराच्या गोळ्या होत्या, आणि परडी होती. हो अक्का, दिवाणात. लिहायची लाज वाटते पण लिहिलं. आल्यावर पहिलं वर्षभर भिंतीला टांगली होती. मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायला निघायचं म्हटलं तर तुमचे भावजी दारात आडवे. "सरकारी कॉलनीत बायको भीक मागते हे सेक्शन ऑफिसरला कळलं तर?" मलाही बरंच वाटलं थांबवलं ते. तुम्ही तिकडं परडी घेऊन निघालात तर लोक वाट सोडतात. इथं मला वॉचमन हटकेल. मग घराला रंग दिला तेव्हा भिंतीवरून उतरवली, ती पुन्हा टांगलीच नाही.

हेदरबाईनं ती पाहिली आणि गुडघ्यावर बसली. हात नाही लावला. विचारलं, घेऊ? मी नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मीच म्हटलं, ने. आमच्यात तीनदा मागितलं की द्यावं लागतं, असं काहीतरी सांगून टाकलं. असं काही नाही आपल्यात, तुम्हाला माहीत आहे. मला बरं वाटलं होतं अक्का, खोटं कशाला बोलू. डांबराच्या गोळ्यांच्या वासातली वस्तू कुणीतरी दोन्ही हातांवर घेऊन जात होतं.

गुरुवारी राखी आहे, पौर्णिमा. तिच्याकडे दर पौर्णिमेला बायका जमतात. त्या दिवशी काम जास्त असतं. ते झालं की शुक्रवारी परडी मागून आणते. नवरात्राला दीड महिना आहे. घाई करू नका.

शेवंता


लक्ष्मीबाई नगर
२ सप्टेंबर १९९९

अक्का,

परडी घरी आली. माझ्यासमोर पाटावर आहे. बुडाला नवं लाल कापड लावून घेतलंय.

तुमचं उत्तर आलं नाही, तरी लिहिते. या आठ दिवसांत जे झालं ते कुणाला सांगू? तुमचे भावजी पेपर वाचतात. कारगिल, निवडणूक, यातून वर बघत नाहीत.

राखीच्या दिवशी संध्याकाळी मी पुऱ्या तळत होते. अक्षया माझ्याबरोबर आली होती, तिला त्या बायकांचं इंग्रजी ऐकायचं असतं. आठ बायका. सहा गोऱ्या, दोन दिल्लीच्या, खादीच्या साड्यांतल्या. खोलीचं दार उघडंच. चार कोपऱ्यांत पाणी, माती, दिवा, धूप ठेवून मध्ये गोल करून बसल्या. मध्यभागी आपली परडी. गुलाबाच्या पाकळ्यांनी भरलेली. तिथवर मी गप्प होते. मग एकेकीनं कागदाच्या चिठ्ठीवर काही लिहिलं आणि चिठ्ठ्या परडीत टाकल्या. मनातली इच्छा लिहायची म्हणे. मग त्या खादीवाल्या दोघींतल्या एकीनं आपल्या गळ्यात कवड्यांची माळ घातली, परडीतलीच, आणि आरशात बघितलं.

मी झारा हातात घेऊन आत गेले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "चोरटे लोक" म्हणाले. "तुमच्या आजीचे दागिने असे कुणी घालून बघितले तर चालेल का" म्हणाले. निम्मं मराठी, निम्मं हिंदी. अक्षया मागे उभी राहून इंग्रजीत करत होती, आणि मऊ करून सांगत होती. मी म्हटलं, "पूरा बोल, जैसा मैं बोली वैसा बोल." खादीवाली म्हणाली, "अरे, ये तो हमारी भी देवी है." मी म्हटलं, "देवी सगळ्यांची आहे, कोण नाही म्हणतंय. परडी आमच्या घरातली आहे."

हेदरबाई उठली. तोंड पांढरं पडलं होतं, मुळात पांढरंच आहे, तरी. तिनं विचारलं, मी काय चुकीचं केलं ते नीट सांग. मी म्हटलं, तू टोपली उचललीस आणि मागणं मागंच सोडलंस. परडी फुलं ठेवायला नसते, इच्छा लिहायला नसते. ती घेऊन अनवाणी पाच दारं फिरायचं असतं, मंगळवारी नाही तर शुक्रवारी. "जोगवा" म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. कुणी पीठ घालतं, कुणी मीठ, कुणी दार लावून घेतं. जे घालेल त्याला कुंकू लावायचं आणि परडीतलं चिमूटभर परत द्यायचं. सुपात पाखडताना फोलपट उडतं तसा माणसाचा ताठा त्या पाच दारांत उडतो. सासूबाई असंच म्हणायच्या. ते केलं नाही तर ती नुसती बुरुडाची टोपली.

ती ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं, अगदी साधेपणानं. अक्षयानं ते मराठीत करायला वेळ लावला. खाली बघून म्हणाली, "आई, त्या विचारतायत, दिल्लीत तू किती दारं फिरलीस?"

अक्का, माझ्या हातातला झारा ठिबकत होता. त्या खोलीतला गालिचा खराब झाला असणार.

मी काम सोडून निघून आले. परडी तिथंच राहिली, रागात घ्यायचं विसरले बघा. शुक्रवार, शनिवार गेले नाही. मनात म्हटलं सोमवारी पोलीस घेऊन जाईन. तुमचे भावजी म्हणाले, "कशाची चोरी लिहून देणार? तूच दिलीस ना?"

मंगळवारी दुपारी चार वाजता बेल वाजली. दार उघडलं तर हेदरबाई. अनवाणी. पाय लाल झालेले, एका टाचेला चिंधी. गाडी कॉलनीच्या फाटकाशी सोडून चालत आली होती, ऑगस्टातल्या उन्हात, डांबरी रस्त्यावरून. सगळ्या गॅलऱ्यांत बायका उभ्या. हातात परडी.

"जोगवा," म्हणाली. ग आणि व एकात एक घुसले होते, पण म्हणाली.

मी बाजूला सरून आत या म्हटलं. ती हलली नाही. आत येत नसतात ना मागायला आल्यावर, तेही मीच सांगितलं होतं. मग मी बघितलं परडीत काय आहे ते. मूठभर गव्हाचं पीठ, दोन बिस्किटं, एक मिठाची पुडी. तिच्याच माडीत फिरली होती बाई सकाळी. पहिल्या दारानं तिच्या तोंडावर दार लावलं आणि खाली गार्डला फोन केला, मॅडमची तब्येत बिघडली आहे म्हणून. गार्ड वर आला, तर तिनं त्याच्यापुढेही परडी धरली, "जोगवा." त्यानं टोपी काढली म्हणे आणि पळाला. दुसऱ्या दाराशी एका लहान पोरीनं बिस्किटं घातली. तिसऱ्या दारात एका साहेबांनी पाऊण तास विचारलं की हे कुठल्या संस्थेसाठी आहे, पावती मिळेल का, आणि शेवटी मीठ दिलं. चौथ्या दाराशी एक पंजाबी म्हातारी होती. तिनं काहीच विचारलं नाही. आत गेली, पीठ आणलं, घातलं, आणि हिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बेटी, माता तेरी झोली भरे." तिथं ही रडली.

"चार झाली," बाई मला म्हणाली. "पाचवं तू."

परडीला कुणी रिकामं धाडतं का, तुम्हीच सांगा. मी आत गेले, डब्यातून पीठ काढलं, ओंजळभर घातलं. थोडं पीठ उंबऱ्यावर सांडलं. तिनं मला कुंकू लावलं, वाकडं. चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर परत ठेवलं. आणि मग सगळी परडीच माझ्या हातात दिली.

"ही माझी नाही," म्हणाली. "मी मागितली खरी, पण तुझ्याकडे मागितली. ही तुला जिनं दिली, तिच्याकडे मागायला हवी होती. तुला कुणी दिली, शेवंता?"

मी म्हटलं, चहा घेणार का.

शेवंता


लक्ष्मीबाई नगर
२२ सप्टेंबर १९९९

अक्का,

तीन आठवडे झाले, तुमचं काही नाही. मी वाट बघत होते की तुम्ही काहीतरी वाकडं लिहाल म्हणजे मला चिडता येईल. तुम्ही तेही केलं नाहीत.

आता हे पत्र नीट बसून वाचा. प्रणितापुढं वाचलंत तरी चालेल.

बुडाला लाल कापड लावलं म्हणून लिहिलं होतं ना, ते झाकायला लावलं होतं. त्या पौर्णिमेला चिठ्ठ्या परडीतच जाळायला घेतल्या होत्या. मी आत जाऊन ओरडायच्या आधी एक पेटली होती. तळाला रुपयाएवढा करपलेला डाग आहे. कापड काढून टाकलंय. बघायचं तर डाग बघा.

दुसरं. सासूबाईंनी परडी मला दिली नव्हती.

तुम्ही विहिरीवर होतात हे खरं. तार मिळाल्यावर मी येऊन दोन दिवस झाले होते. तुम्ही तीन वर्षं त्यांचं सगळं केलंत, हागणं-मुतणं काढलंत, आणि मी आले ती बॅगेत नवीन साडी घेऊन. दुपारी त्यांनी डोळे उघडले. भिंतीवर परडी टांगलेली, तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कुसुम." तुमचं नाव, एवढंच, एकदा. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. घरातल्या लहान पोरालाही कळलं असतं. तुम्हाला हाक मारायची होती, मी मारली नाही. उठले, खुंटीवरून परडी काढली आणि माझ्या बॅगेजवळ ठेवली. तुम्ही पांघरुणं खांद्यावर घेऊन आलात तेव्हा मी म्हटलं, त्यांनी मला दिली. त्यांना पुन्हा बोलता आलं नाही. मला माहीत होतं येणार नाही.

का घेतली ते आठ वर्षं मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. इथं कॉलनीत बंगाल्यांची दुर्गा येते, पंजाब्यांची माता की चौकी बसते, लाउडस्पीकरवर भजनं लावून. सगळ्यांचं काही ना काही येतं गावाहून मागे-मागे. माझ्यामागे काही आलं नव्हतं. मला माझं म्हणून काहीतरी भिंतीवर हवं होतं. एवढंच कारण आहे, फार मोठं नाही. भिंतीवर हवं होतं आणि मागायला जायला नको होतं. मग मी त्या खादीवालीला काय म्हणून शिव्या दिल्या? तिनं माळ गळ्यात घालून आरशात बघितलं. मी अख्खी परडी आठ वर्षं तशीच घालून बसले होते.

हेदरबाईनं तीनदा विचारलं. मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

तिचे उपकार मी विसरणार नाही. तिच्या आजीच्या गावाला एक विहीर होती म्हणे, बायका तिथल्या झाडाला कापडाच्या चिंध्या बांधायच्या आणि पोराबाळांसाठी मागायच्या. पाद्र्यांनी ते बंद केलं, झाड तोडलं. त्यांचे देव दुसऱ्यांनी हाकलले. माझी देवी मी स्वतः दिवाणात कोंबली, रजयांखाली. त्या बाईनं ती बाहेर काढायला लावली, चुकत-माकत, जाळत-पोळत का होईना. मी तिच्याकडे परत जाते कामाला. तिनं त्या खोलीतली मांजर-देवी, घंटा, पाला सगळं काढून खोक्यात भरलंय. कुणाचं काय ते विचारून परत करणार म्हणते. कुणाला परत करणार, मला काही कळत नाही, पण विचारते तर आहे. आजीच्या गावातल्या कुणा म्हातारीला पत्र घातलंय तिनं, तिकडं वेताची टोपली कशी विणतात विचारायला. विणू दे. तिच्या देवीला काय लागतं ते तिचं तिला सापडू दे. मी आमटी करते.

आता काल काय झालं ते.

काल मंगळवार. अंघोळ करून मी परडी काढली. पीठ-मीठ काही न घालता, रिकामी. तुमचे भावजी दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला फेस. म्हणाले, "कुठं?" मी म्हटलं, "मागायला." म्हणाले, "निदान माथुरसाहेबांच्या दारात जाऊ नको." त्यांच्याच ऑफिसातले ते. म्हणून मी आधी तिथंच गेले. त्यांच्या बाईनं दार उघडलं, मला अनवाणी बघितलं, परडी बघितली, आणि हळूच म्हणाली, "भाभीजी, घर में सब ठीक तो है? भाईसाहब की नौकरी?" मला हसू फुटलं. तिला सांगितलं, नौकरी है, माता का काम है. तेव्हा किलोभर साखर घेऊन आली. म्हटलं मूठभर पुरे. गढवाली वहिनी न विचारता पीठ घालून गेली, तिच्याकडेही असं काही असतं म्हणे डोंगरात. बंगाली बाईनं तांदूळ घातले आणि चंद्याची पावती मागितली. तिलाही सांगावं लागलं, पावती नसते.

चौथं दार अलकाताईंचं. पुण्याच्या, नवरा मोठा अधिकारी. आपल्या भाषेतलं माणूस, तिथंच पाय जड झाले. दुसऱ्यांना वेड वाटेल, पण तिला कळणार होतं मी काय करतेय. "अगं शेवंता, हे काय? इथं?" म्हणाली आणि आत निघून गेली. दार लोटलं. मी उभी. खालून स्कूटरवाले बघत होते. अक्षया जिन्यात उभी होती, तिनं हळूच म्हटलं, "आई, चल ना." मी म्हटलं, परडी घेतली की पुढं जा म्हटल्याशिवाय हलायचं नसतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. अलकाताईनं डोक्यावरून पदर घेतला होता. हातात सूप होतं. म्हणाली, "माझ्या आजीच्या दारात यायच्या बायका. नुसत्या हातानं घालायचं नाही म्हणायची. सूप कुठं ठेवलंय तेच सापडेना." सुपातून पीठ घातलं तिनं. मी कुंकू लावलं.

घरी आले तर अक्षया म्हणाली, "पाचवं?"

चारच केली अक्का. पाचवं दार दिल्लीत नाही.

गुरुवारी सात ऑक्टोबरच्या कर्नाटक एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, माझं आणि अक्षयाचं. सोलापूरला उतरून बार्शीची एसटी धरू. शनिवारी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, मी तुमच्या दारात येईन. चार दारांचं पीठ, साखर, तांदूळ वेगळं बांधून आणतेय. परडी पाठवत नाही, पोचतीही करत नाही. घेऊन येते. आत येणार नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून जोगवा मागेन. तुम्ही मूठभर घातलंत तर कुंकू लावीन, चिमूटभर परत देईन, आणि परडी तुमच्या हातात ठेवीन. मग ती प्रणिताला द्यायची का आणखी कुणाला, ते तुम्ही बघा. मी विचारणार नाही.

दार लावून घेतलंत तरी तुमचं चुकणार नाही. हेदरबाईच्या तोंडावर पहिल्यानंच लावलं होतं, ती दुसऱ्या दाराशी गेली. मला जायला सहावं दार नाही. मी तिथंच उभी राहीन.

शेवंता